एनॅमलचं दुसरं काम

हलायला लागून पडलेल्या दाताचा पुष्कळदा स्वतःचा काहीच दोष नसतो. पायोरियाने निघालेली दाढ नीट पाहिली तर तिला कीड लागलेली नसते, तडा गेलेला नसतो, वरचं एनॅमल शाबूत असतं आणि मूळही अखंड असतं. बिघडलेलं असतं ते तिच्या भोवतीचं. ज्या ऊतींनी तिला जबड्यात धरून ठेवलं होतं, त्या नष्ट झालेल्या असतात. धरायला कोणी उरलं नाही म्हणून दाढ गेलेली असते.

या धरून ठेवणाऱ्या ऊती तीन. मुळाच्या पृष्ठभागावर सिमेंटमचा पातळ थर असतो. हिरडीजवळ तो जेमतेम 20 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे फार तर एका केसाइतका. जबड्याच्या हाडात दाताची खोबण असते. आणि मूळ व खोबण यांच्या मधल्या फटीत, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढ्या जागेत, दंतबंधाचे तंतू असतात. त्यांचं एक टोक सिमेंटममध्ये रुतलेलं, दुसरं हाडात. दात हाडाला चिकटलेला नसतो, तो या तंतूंवर तोललेला असतो. म्हणूनच तारा लावून दात सरकवता येतात, आणि म्हणूनच हाडात थेट रुजलेलं इम्प्लांट तसं सरकवता येत नाही. दंतबंधातलं कोलॅजन सतत मोडत आणि नव्याने बनत असतं. क जीवनसत्त्वाशिवाय ते धड बनत नाही, आणि स्कर्व्ही झालेल्या जुन्या खलाशांचे दात खिळखिळे होत ते याच कारणाने.

तिघांपैकी सिमेंटमकडे लोकांचं लक्ष सगळ्यात कमी गेलं, आणि खरं तर पेच तिथेच आहे. हाड पुन्हा वाढू शकतं, तंतूही पुन्हा विणले जातात. पण तंतूंना रुतायला मुळावर सिमेंटम नसेल, तर बाकीच्या दोघांच्या असण्याला अर्थ राहत नाही. हायपोफॉस्फेटेशिया नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर कमी पडतं आणि हे पातळ सिमेंटम नीट तयारच होत नाही. अशा मुलांचे दुधाचे दात पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आतच पडतात, तेही अख्ख्या मुळासकट. एरवी दुधाचा दात मूळ विरघळल्यावर पडतो. मुळासकट पडलेला दुधाचा दात पाहून सावध डॉक्टर लगेच रक्त तपासायला सांगतो.

मग हे सिमेंटम मुळावर बसतं कसं? या प्रश्नाच्या उत्तरात एक अनपेक्षित नाव पुढे आलं: एनॅमल. अनपेक्षित अशासाठी की एनॅमल दाताच्या वरच्या भागावर असतं, मुळावर नाही. शिवाय ते बनवणाऱ्या पेशींचं कूळही वेगळं. एनॅमल घडवणाऱ्या पेशी तोंडाच्या अस्तरातून, म्हणजे वरच्या पेशीथरातून आत उतरलेल्या असतात. सिमेंटम, दंतबंध आणि खोबणीचं हाड हे तिघं मात्र दंतांकुराला वेढणाऱ्या एका पिशवीसारख्या ऊतीतून येतात, तिला दंतपुटक म्हणू. पहिल्या कुळाने बनवलेल्या पदार्थाचा दुसऱ्या कुळाच्या कामाशी संबंध काय?

संबंध शोधायचा तर एनॅमल कसं बनतं ते आधी पाहावं लागेल. पूर्ण झालेल्या एनॅमलमध्ये वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. शरीरात याहून कठीण काही नाही. पण जन्मतः ते असं नसतं. अमेलोब्लास्ट नावाच्या उंच, सडपातळ पेशी आधी प्रथिनांचा मऊ लगदा बाहेर टाकतात. या लगद्यातलं सुमारे 90 टक्के प्रथिन एकच, अमेलोजेनिन. उरलेल्यात एनॅमेलिन, अमेलोब्लास्टिन अशी काही. अमेलोजेनिनचे रेणू एकत्र येऊन नॅनोमीटरच्या मापाचे गोळे बनवतात आणि त्यांच्या मधल्या जागेत कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक लांब फितीसारखे वाढू लागतात. स्फटिक रुंद व्हायची वेळ आली की दोन विकरं कामाला लागतात. पहिलं एमएमपी-20, ते प्रथिनांचे तुकडे करतं. दुसरं केएलके-4, ते उरलंसुरलं साफ करतं. स्लॅब भरताना खाली सेंटरिंग लावतात आणि काँक्रीट पक्कं झालं की ते काढून नेतात, तसाच हा प्रकार. दात तोंडात दिसू लागेपर्यंत अमेलोजेनिन जवळजवळ सगळं नाहीसं झालेलं असतं आणि ते बनवणाऱ्या पेशीही मरून गेलेल्या असतात. एनॅमलला पडलेली कीड शरीर स्वतः बुजवू शकत नाही, याचं कारण हेच.

जाता जाता: अमेलोजेनिनचं जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असतं, आणि दोन्हीकडच्या प्रतींत थोडा फरक असतो. गुन्ह्याच्या तपासात रक्ताचा डाग पुरुषाचा की बाईचा हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा ठरवतात ते बहुधा या फरकावरून. दातासाठी घडलेलं जनुक पोलिसांच्या उपयोगी पडावं, हा योगायोग मला फार आवडतो.

आता मुळाकडे. दाताचा वरचा भाग आकाराला आला की एनॅमल घडवणारा पेशीथर थांबत नाही. त्याची कड दोन पेशींच्या जाडीची होऊन खाली वाढत जाते आणि मूळ किती लांब, किती फाट्यांचं, कोणत्या वळणाचं हे ठरवते. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1874 मध्ये उभयचर प्राण्यांच्या दातांत ही कड पाहिली, म्हणून तिला हर्टविगचं मूळ-आवरण म्हणतात. या आवरणाच्या आतल्या बाजूला डेंटीन, म्हणजे दाताचा आतला कठीण भाग, तयार होतं. मग आवरणाला भोकं पडतात, त्याची जाळी होते, जाळीचे तुकडे होतात. त्या फटींतून दंतपुटकाच्या पेशी आत शिरून उघड्या डेंटीनला भिडतात आणि सिमेंटम घालू लागतात. फुटलेल्या आवरणाचे अवशेष दंतबंधात आयुष्यभर पडून असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी 1885 मध्ये त्यांचं वर्णन केलं. सडलेल्या दाताच्या मुळाशी जी गाठ होते, ती बहुधा याच निद्रिस्त पेशी जाग्या झाल्याने.

म्हणजे मुळाशी एनॅमलच्या कुळातल्या पेशी असतात, पण तिथे एनॅमल बनत नाही. मग त्या पेशी तिथे नुसता आकार देतात, की फुटण्याआधी मुळावर काही सोडूनही जातात?

1975 मध्ये हॅरोल्ड स्लाव्हकिन आणि अ‍ॅलन बॉइड यांनी सिमेंटम हा वरच्या पेशीथराचाच स्राव तर नसेल, असा प्रश्न विचारला. त्यांच्या टिपणाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं. 1982 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लिंडस्कोग यांनी सिमेंटमच्या अगदी आतल्या, डेंटीनला लागून असलेल्या थरात एनॅमलच्या लगद्याशी मिळतीजुळती प्रथिनं असल्याचं मांडलं. तिथल्याच लार्स हॅमरस्ट्रॉम यांनी हा धागा पकडला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: मूळ-आवरण फुटण्यापूर्वी डेंटीनवर एनॅमल-प्रथिनांचा पातळ लेप देतं. दंतपुटकाच्या पेशी त्या लेपाला भिडल्या की त्यांना सिमेंटम घालण्याचा इशारा मिळतो. सिमेंटम बसलं की त्यात तंतू रुततात, आणि पाठोपाठ हाड येतं.

या मांडणीला एक जुना पुरावा गोठ्यात उभा होता. गाय, घोडा, हत्ती यांच्या दाढांवर सिमेंटम मुळापुरतं नसतं, ते वर एनॅमलवरही चढलेलं असतं. माणसाच्या दातावर एनॅमल घडवणाऱ्या पेशींचा थर दात उगवेपर्यंत टिकतो आणि दंतपुटकाला एनॅमलपासून लांब ठेवतो. या प्राण्यांत तो थर आधीच तुटतो, दंतपुटकाच्या पेशी एनॅमलला भिडतात आणि चक्क त्यावर सिमेंटम घालतात. हॅमरस्ट्रॉम यांनी उंदरांच्या दाढांत हेच मुद्दाम घडवून आणलं. बनत असलेल्या एनॅमलचा लगदा उघडा पाडून दंतपुटकाच्या पेशींना त्याच्याशी भिडू दिलं, तेव्हा लगद्याच्या पृष्ठभागावर सिमेंटमसारखा कठीण थर तयार झाला. हे निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. या सगळ्या कहाणीतला हा प्रयोग मला सगळ्यात देखणा वाटतो, कारण त्यात बाहेरून काही घालावं लागलं नाही, मधला पडदा तेवढा दूर केला.

त्या वेळी दंतवैद्य दुसऱ्याच अडचणीशी झगडत होते. पायोरियात गेलेला आधार परत मिळवायचा कसा? हिरडी उघडून मूळ साफ केलं तर जखम भरते, पण भरते चुकीच्या पद्धतीने. हिरडीच्या वरच्या थराच्या पेशी सगळ्यात वेगाने वाढतात. त्या मुळावरून घसरत खाली जाऊन जागा अडवतात, आणि तिथे तंतू पुन्हा रुतत नाहीत. जखमेत आधी कोण पोहोचतं त्यावर पुढे काय उगवणार हे ठरतं, असं मेल्चर यांनी 1976 मध्ये लिहिलं होतं. त्याला धरून स्वीडनच्या निमन, लिंडे, कॅरिंग आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हिरडी आणि मूळ यांच्यात पडदा घालून हिरडीच्या पेशींना अडवून पाहिलं. युक्ती लागू पडली, पण ती किचकट होती. पडदा उघडा पडायचा, तिथे संसर्ग व्हायचा.

हॅमरस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. नको त्या पेशींना अडवण्याऐवजी हव्या त्या पेशींना बोलावायचं. त्यासाठी लागणारा लगदा मिळाला कत्तलखान्यात. सुमारे सहा महिन्यांच्या डुकरांच्या जबड्यात अजून न उगवलेले, एनॅमल बनण्याच्या टप्प्यावरचे दात असतात. सस्तन प्राण्यांमध्ये अमेलोजेनिन फारसं बदललेलं नाही, त्यामुळे डुकराचं प्रथिन माणसात चालतं. माकडांच्या दाताच्या बाहेरच्या बाजूचं हाड, दंतबंध आणि सिमेंटम काढून टाकून मुळावर हे प्रथिन लावलं, तेव्हा आठ आठवड्यांत पेशीविरहित सिमेंटम पुन्हा तयार झालं, आणि ते मुळाला घट्ट धरून होतं. मग माणूस. एका रुग्णाचा खालचा पुढचा दात दात सरळ करण्याच्या उपचारासाठी तसाही काढायचा होता. लार्स हेइल यांनी त्या दाताभोवतीचा आधार शस्त्रक्रियेने काढून प्रथिन लावलं आणि चार महिन्यांनी दात भोवतीच्या ऊतीसह काढून तपासला. काढलेल्या भागाच्या 73 टक्के उंचीवर नवं सिमेंटम आणि 65 टक्के उंचीवर नवं हाड आलेलं होतं. रुग्ण एकच, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं नाकारता येत नव्हतं.

माल्मो शहरातल्या बायोरा या कंपनीने यातून ‘एम्डोगेन’ हे औषध बाजारात आणलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1996 मध्ये त्याला मंजुरी दिली आणि 2003 मध्ये स्वित्झर्लंडच्या स्ट्राउमान कंपनीने बायोरा विकत घेतली. औषध म्हणजे एक घट्टसर जेल. एनॅमलचं प्रथिन आम्लात विरघळतं, पण शरीराच्या तापमानाला आणि सामान्य सामूला ते विरघळत नाही. म्हणून ते किंचित आम्लधर्मी जेलमध्ये ठेवलेलं असतं. जखमेत पडलं की जेल पातळ होऊन निघून जातं आणि प्रथिन मुळावर साका धरून बसतं. त्याआधी डॉक्टर मूळ खरवडून साफ करतात आणि त्यावर दोन मिनिटं ईडीटीए या रसायनाचा लेप ठेवून चिकटलेला कचरा काढतात. प्रथिन मुळावर सुमारे दोन आठवडे टिकतं. तेवढ्या काळात ते दंतबंधाच्या पेशींना वाढायला उत्तेजन देतं आणि वरच्या थराच्या पेशींची वाढ मंद करतं, असं काचपात्रातल्या प्रयोगांत दिसलं आहे.

इथवर गोष्ट सरळ आहे: निसर्गाची युक्ती ओळखली, तिची नक्कल केली, औषध झालं. विक्रीच्या माहितीपत्रकांत ती अशीच सांगितली जाते. पण ज्या मांडणीवर औषध उभं आहे, तिच्या पायाशी गेल्यावर चित्र तितकं स्वच्छ राहत नाही.

पहिला धक्का 1991 मध्येच बसला होता. लुओ, स्लाव्हकिन आणि स्नीड यांनी उंदरांच्या मूळ-आवरणात अमेलोजेनिनचं जनुक चालू आहे का ते तपासलं. ते चालू नव्हतं. या स्लाव्हकिननीच 1975 मध्ये तो प्रश्न विचारला होता, हे लक्षात घेतलं तर त्या निकालाचं वजन कळतं. आपल्याच कल्पनेविरुद्धचा पुरावा स्वतः छापायला मनाचा मोठेपणा लागतो. पुढे इतरांना आवरणाच्या अवशेषांत अमेलोब्लास्टिन आणि थोडंफार अमेलोजेनिनही सापडलं. मात्र कोणत्या प्राण्यात, कोणत्या दातात आणि कोणत्या टप्प्यावर पाहिलं, यानुसार उत्तर बदलत राहिलं.

दुसरा पुरावा उलट बाजूचा. सिमेंटमला एनॅमल-प्रथिनांची गरजच असेल, तर ती नसलेल्या दाताला सिमेंटम असू नये. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ पाहा. त्याच्या दातांवर एनॅमल नाहीच, आणि त्याच्या शरीरातलं एनॅमेलिनचं जनुक उत्क्रांतीच्या ओघात मोडून निकामी झालेलं आहे. तरी त्याच्या दाताच्या बाहेरून सिमेंटमचं आवरण असतं आणि दात खोबणीत पक्का बसलेला असतो. निदान एनॅमेलिनवाचून सिमेंटमचं काही अडत नाही, एवढं तरी स्लॉथ दाखवून देतो. माणसांतही असंच दिसतं. अमेलोजेनिनच्या जनुकात दोष असलेल्यांचं एनॅमल पातळ, पिवळसर, लवकर झिजणारं असतं. दवाखान्यात त्यांची तक्रार असते ती दात झणझणण्याची आणि दिसण्याची. हायपोफॉस्फेटेशियाच्या मुलांसारखे त्यांचे दात मुळासकट गळून पडत नाहीत.

आणि तिसरा पुरावा, मला सगळ्यात बोलका वाटणारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अमेलोजेनिनचं जनुक बंद केलेले उंदीर तयार केले गेले. 2003 मध्ये हाताकेयामा आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या मुळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या उंदरांना सिमेंटम होतं, पण वय वाढेल तसं ते खराब होत गेलं. मुळाभोवती हाड पोखरणाऱ्या पेशींची गर्दी वाढलेली होती, आणि त्या पेशींना बोलावणारं आरएएनकेएल हे प्रथिन जास्त प्रमाणात होतं. याचा अर्थ अमेलोजेनिन सिमेंटमची पायाभरणी करत नसावं, ते उभ्या झालेल्या सिमेंटमची राखण करत असावं. शिवाय अमेलोजेनिनच्या जनुकापासून शरीर एकच प्रथिन बनवत नाही. त्याच संदेशाची वेगवेगळी काटछाट करून 59 अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडाही बनतो. अशा छोट्या तुकड्यांमध्ये आजूबाजूच्या पेशींना इशारा देण्याची ताकद असल्याचं आर्थर वेइस आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं. हे इशारे एनॅमल बनण्याशी संबंधित नाहीत. म्हणजे आपण ज्याला एनॅमलचं प्रथिन म्हणतो, ते दातापुरतं तरी बहुधंदी आहे.

माझं मत विचाराल तर हॅमरस्ट्रॉम यांची मांडणी जशीच्या तशी टिकलेली नाही. एनॅमल-प्रथिनं सिमेंटमच्या पेशींवर परिणाम करतात, हे खरं. तीच सिमेंटमची जन्मदाती आहेत, हे सिद्ध झालेलं नाही. आणि औषध लागू पडतं यावरून मांडणी खरी ठरत नाही. मुळावरच्या त्या लेपात डुकराच्या दंतांकुरातले इतरही सूक्ष्म घटक थोड्या प्रमाणात आलेले असतात, टीजीएफ-बीटासारखे वाढीचे संदेशवाहकसुद्धा. जखम भरून येण्यातला कोणता वाटा कोणाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. वैद्यकात हे नवं नाही. अ‍ॅस्पिरिन कसं काम करतं हे कळण्याआधी माणसांनी कित्येक दशकं ते खाल्लं.

मग औषध कितपत लागू पडतं? कॉक्रन या संस्थेच्या 2009 मधल्या आढाव्यात अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले गेले. नुसत्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत एनॅमल-प्रथिनं वापरल्यावर दाताचा आधार वर्षभरात सरासरी 1.1 मिलिमीटरने जास्त परत आला आणि दात आणि हिरडी यांच्यामधला खिसा 0.9 मिलिमीटरने जास्त उथळ झाला. ज्या चाचण्या अधिक काटेकोरपणे झाल्या होत्या, त्यांत हा फायदा आणखी कमी भरला. पडद्याच्या पद्धतीशी तुलना केली तर निकाल साधारण सारखे आले, त्रास मात्र या पद्धतीत कमी. आणि यामुळे जास्त दात वाचले का? तसा पुरावा आढाव्यात मिळाला नाही.

एक मिलिमीटर म्हणजे थोडं वाटेल, पण खोल, अरुंद, तीन बाजूंनी हाड असलेल्या खड्ड्यात तो एक मिलिमीटर कामाचा असतो. सगळीकडून सारखं हाड खाली गेलेलं असेल, तर या जेलचा फारसा उपयोग नाही. तंबाखू ओढणाऱ्यांत निकाल हमखास कमी येतो. रोज दात नीट घासले गेले नाहीत, तर परत मिळवलेला आधार पुन्हा जातो.

तेव्हा हिरडीच्या शस्त्रक्रियेत हे औषध सुचवलं गेलं, तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. एक, माझ्या दाताभोवतीचा खड्डा कोणत्या प्रकारचा आहे, आणि तिथे याने किती फरक पडेल? दुसरी, हे कशापासून बनलेलं आहे? ते डुकराच्या दातांपासून बनतं. शाकाहारी, जैन किंवा मुसलमान रुग्णाला हे आधी कळलंच पाहिजे. त्याने विचारलं नाही, तर डॉक्टरांनी आपणहून सांगावं.